सगळी तोंडे समोर

३ मार्च, सोमवार

साडेसातला कारखान्यात. चौदा ट्रे आले, चौदाही पाहिले. पहिली प्रत एकशे अठरा, दुसरी सत्तर, बाकी तुकडा. दुपारी डबा नेला नव्हता, कोंगप्यांग पाव आणि काळी कॉफी. पाचला घरी.

ऑफिसने आज सगळ्यांना एकेक वही दिली. क्वालालंपूरहून मिस कोगिला म्हणून एक बाई येतात, त्यांना आमच्याकडच्या पगारांची तपासणी करायची आहे. महिनाभर प्रत्येकाने रोज काय काम केले ते लिहायचे. मी दोन वह्या करणार. त्यांच्या वहीत फक्त ट्रे लिहीन. ही घरी राहील.

तपासणी कशाला, तर सिंगापूरची जी कंपनी आमची पाकोळ्यांची खाण्याची घरटी घेऊन बाटलीतले पेय बनवते, तिने अट घातली आहे. सारख्या मोलाच्या कामाला सारखा पगार, मग बाई असो की पुरुष, मलय असो, तमिळ असो, चिनी असो. नाहीतर पुढच्या वर्षीपासून माल घेणार नाहीत. आमच्याकडे प्रत लावणारे चौघे, चारही चिनी पुरुष, महिन्याचा पक्का पगार. पिसे वेचणाऱ्या एकतीस, सगळ्या बायका. मलय जास्त, काही तमिळ, काही इंडोनेशियाच्या, दोघी-तिघी चिनी. त्यांना नगावर पैसे मिळतात. सगळे धरून आमच्या निम्म्याच्याही आत. पण काम वेगळे आहे. पाकोळीचे घरटे पाण्यात भिजवायचे, चिमट्याने एकेक पीस काढायचे, धुऊन पुन्हा वाटीच्या आकारात वाळवायचे, हे हाताचे काम. वाळलेली वाटी कोणत्या प्रतीची ते ठरवणे डोळ्यांचे काम. ते बावीस वर्षांत येते. आता हात आपोआप योग्य वाटीकडे जातो, विचारही करावा लागत नाही.

माझी बायको योक लान पहिल्या टेबलावर होती, एकोणीस वर्षे. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत सरकत्या फळीची खिडकी आहे, ट्रे तिथून येतात. प्रत लावताना पलीकडे बोलायचे नाही, ट्रेवर कोणाचे नाव लिहायचे नाही, फक्त टेबलाचा आकडा. कोणी कोणाची बाजू घेऊ नये म्हणून जुन्या मालकांनी केलेला नियम. एकोणीस वर्षे आम्ही दिवसभर भिंतीच्या दोन बाजूंना बसलो आणि संध्याकाळी एकाच स्कूटरवर घरी आलो.

तिच्या खुर्चीवर आता रोस्ना बसते.

५ मार्च, बुधवार

पहिल्या टेबलाचे ट्रे पाहून डोके दुखते. एका वाटीचे तोंड समोर, दुसरीचे डावीकडे, तिसरी पाठमोरी. कोणी शिस्तच लावलेली नाही. खरे म्हणजे योक लानचे ट्रेही असेच असायचे, बाकीच्या टेबलांचेही. बायकोला शिस्त लावायला गेलो असतो तर लोक हसले असते, म्हणून इतकी वर्षे गप्प बसलो. आता तसे काही कारण उरले नाही.

तौकेंना, म्हणजे आताच्या मालकांना, सांगितले. जुन्या मालकांचा हा मुलगा, चाळिशीचाही नाही. मोबाईलमधून डोके न काढता म्हणाले, "अंकल, तुम्हाला हवं ते करा." दुपारी कागद लावला: सर्व वाट्यांची तोंडे समोर.

रोस्ना खिडकीशी आली. चव्वेचाळीसची असेल, टेबलावरच्या सगळ्या तिला कक, म्हणजे ताई, म्हणतात. "अंकल तिंग, सगळी समोर?"

"सगळी."

"दुसऱ्या, तिसऱ्या टेबलाची पण?"

"लिहिलंय ना."

"नक्की?"

मी फळी सरकवायला लागलो तेव्हा म्हणाली, "बरं बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

एवढ्याशा गोष्टीसाठी तीनदा विचारायचे कारण काय? आणि पलीकडे कोणीतरी हसले.

७ मार्च, शुक्रवार

ट्रे आता बघण्यासारखे. शाळेतल्या मुलांसारख्या रांगा. मात्र वेळ लागला. एरवी चौदा ट्रे अकरापर्यंत होतात, आज दोन वाजले. प्रत्येक वाटी उचलून दिव्यापुढे धरावी लागली. आह सेंग शेजारी बसतो, त्याचेही मागे पडले. म्हणाला, "अंकल, ट्यूब गेली वाटतं." ट्यूब बदलून घेतली. फरक पडला नाही.

१० मार्च, सोमवार

बारा ट्रे. पेटी सिंगापूरला गेली.

आज फॉर्म भरला. 'तुमच्या कामात कोणते निर्णय घ्यावे लागतात?' असा प्रश्न होता. मी लिहिले, प्रत. शेवटी आणखी एक: 'हे काम तुमच्याआधी कोणी, थोडेसे जरी, केलेले असते का?' लिहिले, नाही.

फॉर्म घेऊन मिस कोगिलांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर वेचणाऱ्या बायकांचे फॉर्म होते. मला उलटे वाचता येते, छापखान्यात वर्षभर होतो. आठजणींनी एकाच ओळीत एकच लिहिले होते. 'आम्ही प्रत लावतो.' वेगवेगळी अक्षरे, शब्द तेच.

बाहेर येऊन आह सेंगला सांगितले. तो हसायलाच लागला. "प्रत लावतात? मग उद्यापासून मी पिसं काढतो, त्यांना बसवू इथं! अंकल, ह्यांना कोणीतरी पढवलंय. ती क्वालालंपूरवाली बाई संध्याकाळी त्यांच्याबरोबर रोजा सोडायला बसते, माहितीये? खजूर घेऊन येते."

माहीत नव्हते. म्हणजे हे असे चालले आहे.

१३ मार्च, गुरुवार

योक लान गेल्याचा एकोणपन्नासावा दिवस. रजा. पुजाऱ्याला बोलावले होते, दोन तासांत आटोपले. बाहीवरचा शोकाचा तुकडा कागदी नोटांबरोबर जाळला. बाहीवर टाचणीची दोन भोके राहिली आहेत.

हुई मिन क्वालालंपूरहून आली होती, संध्याकाळी परत गेली. भांडी घासता घासता म्हणाली, "बाबा, त्या मिस कोगिला चांगल्या आहेत ना? आईला भेटायला हॉस्पिटलमध्ये आल्या होत्या."

"कधी?"

"डिसेंबरात. दोनदा. तुम्ही कामावर होता. आईने त्यांना काहीतरी लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

"मला काय माहीत? तुम्हाला सांगितलं असेल असं वाटलं मला."

मला सांगितले नव्हते. मी रोज साडेपाचला तिथे जात होतो. शेवया खाल्ल्या का विचारायचो, ती मान हलवायची. बाहेरची कोणी बाई येऊन गेली हे तिने एकदाही सांगितले नाही. आजारी माणूस विसरतो हे खरे. पण तिला शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नातवाचे नाव लक्षात होते.

१७ मार्च, सोमवार

सिंगापूरहून निरोप. दहा तारखेच्या पेटीतल्या पहिल्या प्रतीच्या वाट्या शिजवून पाहिल्या, दहातल्या चार विरघळल्या. धागा राहिलाच नाही, पिठाच्या लापशीसारखे झाले. पेटी परत येणार.

तौके आमच्या खोलीत उभे राहून ओरडले. "अंकल, बावीस वर्षांत असं झालंय? एकदा तरी?"

"नाही."

"मग आताच कसं होतं?"

उत्तर आह सेंगने दिले. "तौके, आम्ही लावलेल्या वाट्या आणि पेटीत गेलेल्या वाट्या एकच होत्या कशावरून? जेवणाच्या सुट्टीत ट्रे उघडेच असतात. ज्यांना आपल्याला खोटं पाडायचंय त्यांना पाच मिनिटं पुरतात."

हे मला सुचले नव्हते. सुचायला हवे होते.

१८ मार्च, मंगळवार

रात्रभर त्याचाच विचार. जुळते आहे. आधी सगळ्याजणी लिहितात की आम्ही प्रत लावतो. आठवड्यात आमची पेटी परत येते. आता त्या म्हणतील, बघा, ह्यांना येत नाही.

तौकेंनी लेखी मागितले. दिले. मी कोणाचे नाव घालणार नव्हतो. त्यांनी विचारले, सुट्टीत तुमच्या खोलीत कोणाला पाहिलंत? रोस्नाला पाहिले होते, रिकामे ट्रे न्यायला आली होती. तेवढेच लिहिले. खोटे काही लिहिले नाही.

शिवाय चाळीस वाट्या निवडल्या, प्रत लावली, प्रत्येकीच्या तळाशी पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला आणि कोणत्या डब्यात गेल्या ते टिपून ठेवले. ट्रे बदलला तर कळेल.

१९ मार्च, बुधवार

रोस्नाला आजपासून घरी बसवले, चौकशी होईपर्यंत. ईद बारा दिवसांवर आहे. तिला तीन मुले, नवरा लुमुतच्या धक्क्यावर हमाली करतो.

पिशवी घेऊन ती आमच्या दारातून गेली. खरे तर त्या बाजूने जायचे कारण नव्हते. थांबली.

"अंकल, माझं नाव तुम्ही लिहिलंत?"

"जे पाहिलं ते लिहिलं."

"ट्रे नेताना पाहिलंत. एकोणीस वर्षं कक लान हेच ट्रे न्यायची, तिचं नाव नाही कधी लिहिलंत."

"तिचं नाव इथं आणू नकोस."

ती हसली नाही, रडलीही नाही. "तोंडं तुम्ही फिरवलीत आणि चोर मी झाले. वा, अंकल."

आह सेंग म्हणाला, "जा गं बाई, नाटक नको." ती गेली.

तोंडं तुम्ही फिरवलीत. कागदाचा राग अजून गेलेला नाही हिचा. एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा राग धरणारी बाई ट्रे बदलणार नाही कशावरून?

२१ मार्च, शुक्रवार

ठिपके तपासले. चाळीसच्या चाळीस जिथे ठेवल्या होत्या तिथेच. कोणी हात लावलेला नाही.

ठीक, ती घरी आहे म्हणून नसेल. पण तीच वाटी दोनदा पाहिली तर काय होते ते बघावे म्हणून चाळीसही एकत्र केल्या, तळ न बघता पुन्हा प्रत लावली. मग वहीशी पडताळून पाहिले.

सतरा वेगळ्या डब्यात गेल्या.

पुन्हा केले. या वेळी चौदा, आणि त्या चौदा पहिल्या सतरांतल्या नव्हेत, निम्म्याहून अधिक नवीन.

हल्ली डोळ्यांत पाणी येते. प्रकाशाकडे पाहिले की जास्तच. त्यामुळे असेल. माणूस गेल्यावर काही महिने असे होते म्हणतात. डबे मिटवले. मिस कोगिलांच्या वहीत लिहिले: ट्रे तेरा.

तौकेंना सांगायला हवे. सोमवारी सांगेन.

२४ मार्च, सोमवार

तौके पेनांगला गेले होते.

२५ मार्च, मंगळवार

तौके आले होते. सांगितले नाही.

मिस कोगिलांनी बोलावले. तिशीच्या असतील, मोठा चष्मा, माणसाला आधी बसवतात आणि मग स्वतः बसतात. अशा माणसांपासून सांभाळून राहावे लागते.

"अंकल, हे तुम्हाला दाखवावं की नाही, मी खूप विचार केला," म्हणाल्या. "योक लान आंटींचा फॉर्म आहे. चिनीत लिहिलाय. आमचा भाषांतर करणारा एका ओळीवर अडलाय. तुम्ही सोडून कोणाला विचारू?"

तिचे अक्षर. हॉस्पिटलमध्ये लिहिले असणार, ओळी खाली घसरत गेल्या आहेत. 'तुम्ही काय काम करता?' याखाली तीन ओळी.

पिसे काढते.
धुते.
पाण्यात कळते तसे ठेवते.

"ही तिसरी," मिस कोगिला म्हणाल्या. "पाण्यात काय कळतं?"

मी तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. त्यांना वाटले असेल मला भरून आले. तसे नव्हते. मला वाटत होते की योक लान काहीतरी सांगायला आली आहे आणि दाराशी थांबली आहे.

"नीट ठेवते, असा अर्थ," मी सांगितले. "जुन्या बायका असं लिहितात."

"बस एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी लिहून घेतले. मग खालच्या प्रश्नावर बोट ठेवले. 'तुम्ही हे काम करता हे कोणाला माहीत आहे?' योक लानने लिहिले होते: टेबलावरच्यांना.

"इथं तुमचं नाव असेल असं वाटलं होतं मला," मिस कोगिला म्हणाल्या. त्या सहज म्हणाल्या की मुद्दाम, ते कळले नाही. "बुधवारी दोन तारखेला बैठक आहे, अंकल. एका बाजूला एकतीस बायका म्हणतात आम्ही प्रत लावतो, एका बाजूला चार माणसं म्हणतात नाही. तौके म्हणतात, अंकल तिंग सांगतील ते खरं. रोस्नाचंही त्याच दिवशी ठरेल."

म्हणजे सगळे माझ्यावर आणून ठेवले आहे.

३० मार्च, रविवार

चिंग मिंग, पितरांचा दिवस, शुक्रवारी आहे, त्याआधी घर साफ करायला काढले. कपाटाच्या वर कापडाखाली एक जाळीचा ट्रे सापडला. तिचा, घरचा. भावाच्या पाकोळीघरातली घरटी ती अधूनमधून आणून साफ करायची, हुई मिनला द्यायला. आजारी पडण्याआधीच्या असणार. तेरा वाट्या. धूळ बसली नव्हती, कापड नीट खोचलेले होते.

घरीसुद्धा तेच. नऊ समोर तोंड करून, तीन डावीकडे, एक पाठमोरी. मला हसूच आले. हात सवयीने गेला आणि डावीकडच्या दोन समोर फिरवल्या.

तिसरीला हात लावला आणि थांबलो. रोस्नाचे ते बोलणे आठवले. तोंडं तुम्ही फिरवलीत.

घरी कोणता गोंधळ? घरी तिला कोणाची घाई नव्हती, कोणाला खोटे पाडायचे नव्हते. इथे एकटी बसून तिने नऊ एकीकडे आणि तीन दुसरीकडे का ठेवल्या?

फिरवलेल्या दोन कोणत्या ते आता ओळखू येईना. रंग सारखा, धागा सारखा. दिव्यापुढे धरल्या. माझ्या डोळ्यांना अकरा वाट्या एकाच प्रतीच्या दिसतात.

ट्रे टेबलावर ठेवला आहे. पुन्हा कापड घातले नाही.

३१ मार्च, सोमवार

ईदची सुट्टी. सकाळपासून शेजारच्या मलय वाडीत फटाके आणि मुले. हाजी बक्री यांच्या सुनेने ताटभर लेमांग आणि रेंदांग आणून दिले, म्हणाली, आंटी नाहीत तर तुम्ही काय जेवत असाल कोणास ठाऊक.

चार वाट्या भिजत घातल्या, वेगवेगळ्या भांड्यांत. समोर तोंड असलेल्या दोन, डावीकडची जी एक उरली होती ती, आणि पाठमोरी. पाच तासांनी वाफेवर ठेवल्या, चाळीस मिनिटे.

समोरच्या दोन्ही फुलल्या, धागा न् धागा सुटा.

डावीकडची मऊ पडली. चमच्याने उचलली तर अर्धी तुटली.

पाठमोरीचे पाणी झाले.

भांडी तशीच ठेवून खुर्चीवर बसलो. वाळलेल्या वाटीवर हे दिसत नाही. कोणालाच दिसणार नाही, मलाही नाही, आह सेंगलाही नाही. ज्याने ती पाण्यात हातात धरली त्यालाच कळते. पाण्यात कळते तसे ठेवते.

म्हणजे ट्रे माझ्याकडे यायचा तेव्हा प्रत लागलेली असायची. माझा हात आपोआप जायचा तो बावीस वर्षांच्या सरावाने नव्हे. समोरच्या वाट्या एका डब्यात, डावीकडच्या दुसऱ्या डब्यात. मी तोंडे पाहत होतो. पाहतो आहे हे मला माहीत नव्हते. आणि मग मीच कागद लावून ती सगळी फिरवून टाकली.

तिने मला का सांगितले नाही? एकोणीस वर्षे रोज स्कूटरवर मागे बसून मनातल्या मनात हसत होती की काय? तसे असेल असे वाटत नाही. पण आता कोणाला विचारायचे?

रोस्नाची ईद आज कशी झाली असेल हे मनातून जात नाही.

२ एप्रिल, बुधवार

बैठक. तौके, मिस कोगिला, आम्ही चौघे, वेचणाऱ्यांतल्या तिघी. रोस्नाला बोलावले होते, ती दाराजवळच्या खुर्चीवर.

तौकेंनी सुरुवात केली. "अंकल, एका वाक्यात सांगा आणि मोकळे व्हा. बायका प्रत लावतात की नाही?"

"लावतात," मी म्हणालो.

आह सेंगने माझ्याकडे मान वळवली. मी ठिपक्यांचे सांगितले, चाळीस आणि सतरा. घरच्या चार वाट्यांचे सांगितले. कागद मी लावला आणि त्यामुळे पेटी बिघडली, ट्रे कोणी बदलला नाही, तक्रार मी मागे घेतो, असे सांगितले. मिस कोगिलांना म्हणालो की तिसऱ्या ओळीचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता. खरा सांगितला. त्यांनी जुने खोडून नवे लिहिले.

तौकेंनी मोबाईल उपडा ठेवला. मग म्हणाले, "अंकल, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? आम्ही बावीस वर्षं चार माणसांना कशाचा पगार दिला मग?"

"पेट्या भरण्याचा," तिसऱ्या टेबलावरची इंडोनेशियाची बाई म्हणाली. तिघी हसल्या, रोस्ना हसली नाही.

आह सेंग उठून गेला. जाताना फक्त एवढेच बोलला, "तुमचं निवृत्तीचं वय झालं अंकल, माझं नाही झालं." त्याला दोन लहान मुली आहेत.

ठरले ते असे: रोस्ना उद्यापासून कामावर, घरी बसलेल्या दिवसांचे पैसे मिळणार. तिन्ही टेबलांच्या मुख्य बायका जुलैपासून आमच्याच पगाराच्या पायरीवर, नगाचा हिशोब बंद. उरलेल्या अठ्ठावीसजणींचे वर्षअखेरीस बघू. 'बघू' हा शब्द तौकेंनी दोनदा वापरला. मिस कोगिला म्हणाल्या, "तारीख लिहा." तौकेंनी लिहिली. पेन्सिलीने लिहिली, ते मी पाहिले. बैठक संपल्यावर मिस कोगिलांना सांगितले. त्यांनी स्वतःचे पेन काढले आणि परत आत गेल्या.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी मी कागद काढला. ट्रे पुन्हा जुन्यासारखे येऊ लागले. नऊपर्यंत सात झाले.

सुट्टीत खिडकीशी गेलो. फळी उघडी ठेवून तिथे उभे राहायचे नाही असा नियम आहे. उभा राहिलो.

"रोस्ना, हे कोणी सुरू केलं?"

तिने चिमटा खाली ठेवला नाही. "कक लानने. मी नवी होते तेव्हा. तुम्ही एकेक वाटी उजेडात धरून इतका वेळ बघायचात, इतका बघायचात, आणि तरी चुकायचात. म्हातारे तौके तुम्हाला सगळ्यांसमोर बोलायचे. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं, अंकल. मग ती तोंडं फिरवून द्यायला लागली. आम्ही बघून शिकलो. हळूहळू तिन्ही टेबलं करायला लागली."

"मला सांगितलं नाही."

"मी एकदा म्हटलं होतं तिला, सांगून टाक की नवऱ्याला. म्हणाली, विचारेल तेव्हा सांगीन."

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता. कोणीतरी बंद केला.

"जानेवारीत नऊ तारखेला हॉस्पिटलमध्ये गेले होते मी," रोस्ना म्हणाली, "तेव्हाही म्हणाली, पाच वाजून गेले, येईलच आता. आज विचारेल बघ."

"मी शेवयांचं विचारायचो," मी म्हणालो.

"हो, तेही सांगितलं तिने." मग म्हणाली, "फळी लावा अंकल, आह सेंग बघतोय."

माफी मागायची होती. मागितली. तिने ऐकली आणि म्हणाली, "मुलांचे ईदचे कपडे झाले नाहीत यंदा." एवढेच. माफ केले असे म्हणाली नाही. मलाही ते पटले.

४ एप्रिल, शुक्रवार

चिंग मिंग. थडग्यावरचे गवत काढले, अक्षरांना सोनेरी रंग दिला. हुई मिन आली होती. संत्री, भात, वाफवलेली कोंबडी. सगळे झाल्यावर हुई मिन गाडी आणायला गेली तेव्हा मी विचारले. मोठ्याने नाही. पण शब्दांत विचारले.

६ एप्रिल, रविवार

घरी. पाऊस नाही, हवा कोरडी, वाळवायला चांगली.

मेव्हण्याकडून एक कच्चे घरटे मागून आणले, भरपूर पिसे असलेले. सकाळी भिजत घातले. तिचा चिमटा शिवणाच्या डब्यात होता, टोके मेणात बुडवून ठेवलेली. दुपारी पांढऱ्या बशीत घरटे घेतले आणि खिडकीशी बसलो. मोठी पिसे निघाली. बारीक पिसे केसांसारखी, दिसतात आणि चिमट्यात येत नाहीत. ओढले की धागा तुटतो. ती एका दिवसात अशी सात-आठ करायची. मला एकाला अडीच तास लागले, आणि उजेडात धरले तर अजून काळे ठिपके आहेतच.

धुतले. बोटांनी वाटीचा आकार दिला, तितकासा जमला नाही. पाण्यात ते हाताला कसे लागले याकडे लक्ष दिले होते. एकदा वाटले घट्ट आहे, एकदा वाटले सैल पडते आहे. नक्की सांगता येईना.

तिचा ट्रे पुसून घेतला, वाटी त्यावर ठेवली. तोंड समोर केले, मग डावीकडे, मग पुन्हा उचलली. कोणत्या बाजूला ठेवावे ते मला कळले नाही. शेवटी जशी हातात होती तशी ठेवली आणि पंखा लावला.